पंचवीसच्या वेगाची स्कूटरसुद्धा सायकल ट्रॅकवर नको

पुण्यात सातारा रस्त्यावर संध्याकाळी वाहने तुंबली की पुढे काय होणार हे ठरलेले असते. एखादी स्कूटर सोसायटीच्या फाटकासमोरच्या उतारावरून सायकल ट्रॅकवर चढते, तिच्यामागे दुसरी चढते, मग डिलिव्हरीची पेटी लावलेली इलेक्ट्रिक गाडी येते, आणि दोन मिनिटांत त्या ट्रॅकची टू-व्हीलरची लेन होऊन जाते. ट्रॅकवर गाडी घालणाऱ्याला त्यात फार मोठा गुन्हा वाटत नाही. ट्रॅक रिकामा होता, गाडी हळूच चालवत होतो, कोणाला धक्काही लागला नाही, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब प्रामाणिक असेलही, पण तो चुकीचा आहे. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत बांधलेल्या, कायद्याने ‘मोटार वाहन’ न मानल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाबतीतही तो चुकतो. तो का चुकतो हे नीट कळले, तर स्कूटरवाल्याने काय करावे, सायकलवाल्याने काय करावे आणि मुलांसाठी नवी गाडी घेणाऱ्या घराने काय पाहावे, ही सगळी उत्तरे त्यातूनच मिळतात.

आधी वजन आणि वेग पाहू. सायकल साधारण पंधरा किलोची असते. तिच्यावर 65 किलोचा माणूस बसला आणि ती ताशी 15 किलोमीटरने चालली, तर रस्त्यावर 80 किलोचे वजन त्या वेगाने पुढे जात असते. कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर लेड-अ‍ॅसिड बॅटरीसह ऐंशीएक किलो भरते. तोच माणूस तिच्यावर बसून ताशी 25 ने निघाला तर वजन होते 145 किलो. धडकेची ऊर्जा वजनाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे या दोघांतला फरक दहा किलोमीटरचा दिसला तरी प्रत्यक्षात स्कूटरची ऊर्जा सायकलच्या पाचपट असते. पेट्रोलची एकशेदहा किलोची स्कूटर तीसच्या वेगाने आली तर ती जवळपास नऊपट होते. आता रुंदी पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकसाठी किमान दोन मीटर रुंदी सांगितली आहे आणि ओव्हरटेक करायला वाव हवा असेल तर तीन मीटर. आपल्याकडे दोन मीटर मिळाले तरी नशीब. त्या दोन मीटरांत सायकलचे हँडल साठ सेंटिमीटर घेते आणि स्कूटरचे सत्तर. उरलेले सत्तर सेंटिमीटर एका कडेला, दोघांच्या मधे आणि दुसऱ्या कडेला असे वाटले, तर प्रत्येक ठिकाणी जेमतेम एक वीत जागा उरते. सायकल कधीच रेघेसारखी सरळ चालत नाही. चढावर, पॅडल मारायला सुरुवात करताना किंवा ड्रेनेजचे खचलेले झाकण चुकवताना ती वीतभर तर सहजच हलते. मागून इलेक्ट्रिक गाडी येत असेल तर तिचा आवाजही नसतो. वीतभर अंतरावरून आरसा हाताला घासून जातो तेव्हाच सायकलवाल्याला मागे कोणी होते हे कळते.

कायद्याची बाजू पेट्रोलच्या स्कूटरबाबत स्पष्ट आहे. ज्या रस्त्याला पदपथ किंवा सायकल ट्रॅक आहे, तिथे गणवेशातल्या पोलिसाने सांगितल्याशिवाय वाहनचालकाने त्यावर गाडी घालायची नाही, हा नियम 1989 पासून होता आणि 2017 साली आलेल्या मोटार वाहन चालनाच्या विनियमांतही तो कायम राहिला. घोळ आहे तो कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटरचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जिच्या मोटरची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, अशी गाडी मोटार वाहन धरली जात नाही. तिला नंबर प्लेट लागत नाही, लायसन्स लागत नाही. म्हणून शाळकरी मुले, घरकाम करणाऱ्या ताई, भाजी आणायला निघालेले आजोबा आणि डिलिव्हरी करणारी तरुण मुले अशा सगळ्यांच्या हाती ती आली. हे चांगलेच झाले. पण त्यातून एक समज पसरला की जी गाडी मोटार वाहन नाही ती सायकलच, आणि सायकल आहे म्हणजे सायकल ट्रॅकवर तिचा हक्क. नियमातली ही सूट नोंदणी आणि परवान्यापुरती आहे. तिने गाडीचे वजन कमी होत नाही आणि धडक सौम्य होत नाही.

कमी वेगाच्या गाडीला सायकल ट्रॅकवर असा वाटा देऊन पाहिला तर काय होते, हे तपासायला आपल्याला प्रयोग करत बसायची गरज नाही. नेदरलँड्सने तो अनेक दशके केला आहे. सायकल ट्रॅकचे जगातले सर्वांत दाट जाळे तिथे आहे, आणि 1970 च्या दशकात तिथे स्नोरफिट्स नावाचा वाहनप्रकार कायद्यात आला. पॅडल असलेली, छोट्या इंजिनाने ताशी पंचवीसच्या आत चालणारी, हेल्मेटची सक्ती नसलेली अशी ती साधी गाडी होती. वयस्कर लोकांना सोयीची म्हणून तिला सायकल ट्रॅक खुला ठेवला गेला. याहून वेगवान, ताशी 45 पर्यंत जाणारी मोपेडही आधी गावातल्या ट्रॅकवरूनच चालत असे. डिसेंबर 1999 मध्ये सरकारने तिला वस्तीतल्या रस्त्यांवर मुख्य रस्त्याला आणले, आणि त्यानंतर तिचे अपघात कमी झाले. पण पंचवीसवाली तशीच ट्रॅकवर राहिली. पुढे पॅडलवाल्या जुन्या गाडीची जागा देखण्या, रुंद स्कूटरने घेतली. कागदावर पंचवीसला बांधलेली आणि निळी नंबर प्लेट लावलेली ही गाडी हेल्मेटशिवाय चालवता येते म्हणून तरुणांत भलतीच लोकप्रिय झाली. वेगाचा लॉक काढणे अगदी सोपे होते. वेगाची मोजणी झाली तेव्हा बहुतेक निळ्या प्लेटवाल्या गाड्या मर्यादेपेक्षा जोरात जाताना आढळल्या. पोलीस रस्त्यात रोलर ठेवून गाडीचे चाक त्यावर फिरवत, खरा वेग मोजत, दंड करत, तरी फरक पडेना. शेवटी कायदा बदलून नगरपालिकांना अधिकार दिला गेला, आणि 8 एप्रिल 2019 पासून अ‍ॅमस्टरडॅमने रिंगरोडच्या आतल्या भागात या स्कूटरना सायकल ट्रॅकवरून मुख्य रस्त्यावर काढले आणि तिथे हेल्मेट बंधनकारक केले. 1 जानेवारी 2023 पासून हेल्मेटची सक्ती देशभर झाली. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी वाचकांनी भाड्याची स्कूटर घेण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे: निळी प्लेट असली तरी डोक्यावर हेल्मेट हवेच, आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या आतल्या भागात, पाटीवर वेगळे सांगितले नसेल तर, तिची जागा मुख्य रस्त्यावरच आहे. आपल्यासाठी यातून घेण्यासारखे एकच आहे. जिथे ट्रॅक रुंद, सपाट आणि सलग आहेत, जिथे प्लेटच्या रंगावरून गाडीचा प्रकार दुरून ओळखता येतो, तिथेही ही भागीदारी टिकली नाही. आपल्या दोन मीटरांच्या तुटक ट्रॅकवर, प्लेटच नसलेल्या गाड्यांसोबत ती टिकेल असे मानायला आधार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रिकाम्या ट्रॅकचा. पुण्यात 2006 साली स्वारगेट ते कात्रज आणि हडपसरचा बीआरटी मार्ग सुरू झाला तेव्हापासून ट्रॅक बांधले गेले, डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, तरी ट्रॅकवर सायकली दिसतात कुठे, असे लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शोधताना ट्रॅकवर कोण आहे एवढेच पाहून चालणार नाही, तिथून कोण निघून गेले हेही पाहायला हवे. ज्या आईने मुलीला सायकलवरून शाळेत पाठवायचे ठरवले होते, ती ट्रॅकवर चढलेल्या चार स्कूटर पाहते आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा लावते. साठी ओलांडलेला माणूस एकदा हॉर्नने दचकतो आणि सायकल पार्किंगमध्ये साखळीने बांधून ठेवतो. अपघात झालेला नसतो, त्यामुळे याची नोंद कुठेच होत नाही. ट्रॅकवर उरतात ते दणकट, सराईत, पहाटे निघणारे सायकलपटू, आणि त्यांना ट्रॅकपेक्षा मुख्य रस्ताच बरा वाटतो. मग ट्रॅक रिकामा दिसतो आणि त्या रिकामेपणाचा दाखला देत आणखी स्कूटर चढतात. ट्रॅक रिकामे असण्याची इतर कारणेही आहेत आणि ती लपवून उपयोग नाही: उखडलेले पेव्हर ब्लॉक, मधोमध उभी असलेली डीपी, दुकानाचा वाढवलेला ओटा, दर पन्नास पावलांवर चढ-उतार. पण या दोषांचा उपाय दुरुस्ती आहे. खराब वाट म्हणून ती जड गाड्यांना देऊन टाकली तर ब्लॉक आणखी लवकर उखडतात, आणि दुरुस्तीची मागणी करायला कोणी उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला थातूरमातूर उत्तर देणे चुकीचे होईल. स्कूटरवाला स्वतःच धोक्यात असतो. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली आणि त्यांपैकी 74,897 दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. मागे पीएमपीची बस, बाजूला डंपर, समोर अचानक दार उघडणारी कार, अशा रस्त्यावर ताशी वीस-पंचवीसने चालणाऱ्या बाईला सायकल ट्रॅक सुरक्षित वाटला तर तिला दोष कसा द्यायचा? अ‍ॅमस्टरडॅममध्येही नेमका हाच विरोध झाला होता. स्कूटर मुख्य रस्त्यावर आणाल तर त्या मोटारींखाली येतील, असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात अपघात वाढले नाहीत, घटले. हेल्मेट आले हे त्याचे एक कारण. सायकली आणि चालणारी माणसे यांच्यामधून स्कूटर वळवण्याचे प्रसंग संपले, हे दुसरे. त्या शहराने तिथेच न थांबता डिसेंबर 2023 मध्ये बहुतेक रस्त्यांवर ताशी 30 ची मर्यादा लावली, म्हणजे स्कूटर जिथे पाठवली तो रस्ताच हळू केला. माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. स्कूटरवाल्याचा धोका मोटारींच्या वेगातून येतो, आणि तो कमी करायचा तर मोटारींचाच वेग कमी करायला हवा. तो धोका उचलून सायकलवरच्या मुलीच्या अंगावर टाकल्याने तो कमी होत नाही, फक्त अधिक दुबळ्या माणसाच्या वाट्याला जातो. शिवाय ट्रॅकवरून जाणारी स्कूटर धोक्यातून पूर्ण सुटतच नाही. प्रत्येक फाटकापाशी आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तिला रस्ता ओलांडावा लागतो, आणि वळणारा मोटारवाला तिथे पंधराच्या वेगाची सायकल अपेक्षित धरून पाहत असतो. तीसने आलेली गाडी त्याला दिसेपर्यंत ती बॉनेटसमोर असते.

डिलिव्हरीच्या मुलांविषयी वेगळे बोलायला हवे, कारण ट्रॅकवर सर्वांत जास्त नावे त्यांनाच ठेवली जातात. त्यांच्या हाती कमी वेगाची इलेक्ट्रिक गाडी येते ती लायसन्स नसते म्हणून, पेट्रोल परवडत नाही म्हणून, आणि गाडी दिवसाच्या भाड्याने मिळते म्हणून. जितक्या ऑर्डर तितकी कमाई, असा त्यांचा दिवस असतो. त्यांना गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही. पण पोटापाण्याचा मुद्दा पुढे करून ट्रॅक त्यांना मोकळा करून देणे हाही न्याय नव्हे, कारण त्याच ट्रॅकवर सायकलने कामाला जाणारा वॉचमन, गवंडी, दूध टाकणारा पोऱ्या हेही पोटासाठीच निघालेले असतात. ऑर्डर देणारा ग्राहक म्हणून तुम्ही एक गोष्ट नक्की करू शकता: उशीर झाला म्हणून कमी तारे देऊ नका, आणि फोन आलाच तर ‘सावकाश या’ एवढे दोन शब्द सांगा.

आता स्कूटर चालवणाऱ्या वाचकांसाठी. ट्रॅकवर चढायचा मोह होतो तो ठरावीक ठिकाणी, बहुतेक वेळा सिग्नलच्या आधीच्या शे-दोनशे मीटरांत किंवा दुभाजकाला पुढे फट नसल्याने उलट दिशेने जायचे असते तेव्हा. रोजच्या वाटेवर अशी जागा कोणती, हे घरून निघतानाच ठरवून ठेवा आणि तिथे पर्याय ठेवा: आतली गल्ली, दहा मिनिटे आधीची वेळ किंवा पुढचा यू-टर्न. सोसायटी किंवा दुकानात शिरायला ट्रॅक ओलांडावाच लागतो. तेव्हा इंडिकेटर आधी द्या, ट्रॅकच्या अलीकडे गाडी पूर्ण थांबवा, दोन्ही बाजूंना पाहा, कारण सायकल उलट्या दिशेनेही येते, आणि मग काटकोनात ओलांडा. तिरके कापत जाऊ नका, तिरके जाताना मागची बाजू आरशात दिसत नाही. ट्रॅकवर गाडी लावणे हे दोन मिनिटांचे काम वाटते, पण त्या दोन मिनिटांत येणाऱ्या प्रत्येक सायकलला मुख्य रस्त्यावर उतरावे लागते. काही रस्त्यांवर ट्रॅक वेगळा नसून फक्त रंगाचा पट्टा मारलेला असतो. तिथे वळताना पट्टा ओलांडावा लागला तर सायकलच्या मागे राहा, तिला पुढे जाऊ द्या, मग वळा. पुढे घुसून कट मारणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. तुमची गाडी कमी वेगाची असेल तर मुख्य रस्त्याच्या डाव्या बाजूने, पण अगदी कडेला न चिकटता चाला. कडेपासून मीटरभर आत असलात तर मागच्याला तुम्ही दिसता आणि उघडणारे दार चुकवायलाही जागा राहते. कायदा या गाडीला हेल्मेट मागत नसला तरी आयएसआय खुणेचे हेल्मेट घाला, आणि पट्टा बांधा.

सायकल चालवणाऱ्यांची बाजू न्यायाची आहे म्हणून त्यांचे शरीर कमी नाजूक होत नाही. मागून स्कूटर आली तर आधी तिला जाऊ द्या, वाद नंतर. कडेला सरताना एकदम सरू नका. आधी मागे नजर टाका, मग हळूहळू डावीकडे या, कारण दचकून घेतलेला झोल हेच पडण्याचे नेहमीचे कारण असते. ट्रॅकवर दोन सायकली शेजारी-शेजारी चालवायच्या असतील तर समोरून आणि मागून वाट मोकळी आहे ना ते पाहत राहा. संध्याकाळी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावाच. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड झाडांमुळे ट्रॅकवर पोहोचत नाही, आणि इलेक्ट्रिक स्कूटरचा हेडलाइट तुम्हाला दाखवण्याइतका प्रखर असेलच असे नाही. घंटी असू द्या. फाटकापाशी आणि गल्लीच्या तोंडाशी वेग कमी करा, गाडी थांबलेली असली तरी चालवणाऱ्याचे डोळे तुमच्याकडे आहेत का हे बघा. आणि सायकलवाल्यांकडूनही नियम मोडले जातात, ही तक्रार खोटी नाही. उलट दिशेने येणे, सिग्नल तोडणे, पदपथावर वृद्धांच्या अंगाजवळून जोरात जाणे हे थांबवायला हवे, कारण स्कूटरवाल्याला जे सांगायचे तेच चालणाऱ्या माणसाच्या संदर्भात आपल्यालाही लागू होते.

मुलासाठी किंवा आईवडिलांसाठी कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर घेणार असाल तर दुकानात तीन गोष्टी विचारा. मोटर 250 वॉटच्या आतली आहे का, वेग पंचवीसच्या आत आहे का, आणि हे तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे का. अशी तपासणी पुण्यातली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन म्हणजे एआरएआयही करते. प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. ‘वेगाचे लॉक काढून देतो, पन्नासने पळेल’ असे विक्रेत्याने सांगितले तर त्या दुकानातून बाहेर पडा. लॉक काढले की ती गाडी मोटार वाहन ठरते, आणि मग ती बिनानोंदणीची, बिनाविम्याची असते, चालवणाऱ्याकडे बहुधा लायसन्सही नसते. राज्याच्या परिवहन विभागाने 2022 मध्ये अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. मुलाच्या हाती किल्ली देताना त्याला दोन गोष्टी सांगा: गाडी रस्त्यावरून न्यायची आणि ट्रॅक सायकलसाठी सोडायचा. शाळेपर्यंतचा रस्ता त्याच्यासाठी फार धोक्याचा वाटत असेल तर त्याला ही स्कूटर देण्याची वेळ अजून आलेली नाही.

उरले ते पालिकेकडे मागायचे काम. पुणे महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते आणि त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात. ‘ट्रॅक सुधारावा’ असे मोघम लिहिलेले अर्ज फाइलमध्ये पडून राहतात. म्हणून मोजमापाची टेप घेऊन आपल्या भागातल्या ट्रॅकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. स्कूटर नेमक्या कुठून चढतात ते उतार, प्रत्येकाच्या जवळचे दुकान किंवा इमारत, तिथली रुंदी आणि फोटो यांची नोंद करा. तिथे बोलार्ड म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब मागा, पण दोन बोलार्डमध्ये दीड मीटर अंतर ठेवायला सांगा. त्याहून कमी ठेवले तर अपंगांची तीनचाकी सायकल, मालवाहू सायकल आणि व्हीलचेअर अडकतात, आणि स्कूटर तरीही निघून जाते, कारण ती सत्तर सेंटिमीटरचीच असते. म्हणजे बोलार्ड स्कूटर पूर्ण थांबवणार नाहीत, कार आणि टेम्पो थांबवतील. स्कूटर थांबवायला त्याच जागी गर्दीच्या वेळी वाहतूक पोलीस किंवा कॅमेरा लागेल, तर ती मागणी वेगळ्या अर्जात वाहतूक शाखेकडे करा आणि रोज कोणत्या वेळेत गाड्या चढतात ते लिहा. फाटकांसमोर ट्रॅकची पातळी खाली उतरवण्याऐवजी तशीच सलग ठेवून गाड्यांनी तिच्यावरून हळू चढून जावे, अशी रचना मागा. नव्याने होणाऱ्या कामांत हे सहज बसते आणि फारसा जादा खर्च येत नाही. मुख्य रस्त्याच्या त्या टप्प्यात शाळा किंवा बाजार असेल तर वेगमर्यादेची पाटी आणि उंचवट्याचे क्रॉसिंग याच अर्जात जोडा, म्हणजे ट्रॅकवरून उतरवलेल्या स्कूटरला जायला जरा बरा रस्ता मिळेल. अर्जाची पोच घ्या, तिच्यावरचा आवक क्रमांक टिपून ठेवा आणि महिन्याने त्याच क्रमांकाचा हवाला देऊन कनिष्ठ अभियंत्याला जागेवर यायला सांगा.